दुसरी वही : डेटा, डबेवाले आणि प्रामाण्याचा प्रश्न



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘माहिती तंत्रज्ञान आणि आधुनिक व्यवसाय’ असा जाहीर झाला आहे. नाव भारदस्त आहे. आम्ही मात्र एका साध्या वाक्यापासून सुरुवात करणार आहोत. बँकेत, रेशन दुकानात, विमा कंपनीच्या खिडकीवर, मोबाइलच्या दुकानात, कुठे ना कुठे तुम्ही ते गेल्या महिन्याभरात ऐकलं असेल. ते वाक्य म्हणजे, ‘सिस्टीम घेत नाही.’

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे असं वाक्य कानावर पडलं की आधी त्याचा कर्ता शोधायची सवय आहे. इथे कर्ता आहे ‘सिस्टीम’. समोर बसलेला माणूस वाक्यात कुठेच नाही. चाळीस वर्षांपूर्वी याच खिडकीवरून ‘साहेब नाही म्हणतात’, ‘नियमात बसत नाही’, ‘उद्या या’ अशी उत्तरं यायची. तीही काही गोड नव्हती. पण साहेबांच्या केबिनपर्यंत जाता येत होतं. नियम दाखवा म्हणता येत होतं. उद्या खरंच परत येता येत होतं. सिस्टीमची केबिन कुठे असते, हे मात्र आम्हाला अजून कोणी दाखवलेलं नाही.

आमचं आजचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला तपासता येईल. व्यवसायातली माहितीची व्यवस्था किती चांगली आहे हे ती किती कमी चुकते यावरून ठरवू नये. ती चुकली आहे असं ज्याला कळलं, त्याला ते सांगायला जागा आहे का, आणि त्याच्या सांगण्यानं नोंद बदलते का, यावरून ठरवावं. सध्या व्यवस्थापनाच्या भाषणांतून आणि पुस्तकांतून डेटाचं जे कौतुक चालतं, त्यात नेमका हा प्रश्न गाळला जातो. म्हणून आजची ही टीका.

हा विषय आपल्या उपनगरांना परका नाही. अंधेरी पूर्वेला १९७३ मध्ये सीप्झ सुरू झालं. इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठीचं ते क्षेत्र होतं, आणि पुढे तिथेच देशातल्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी आपली कामं उभी केली. गंमत बघा, सीप्झच्या पूर्ण नावात ‘सांताक्रूझ’ आहे आणि जागा आहे अंधेरीत. पाटी एक सांगते, जमीन दुसरं. तरी इतक्या वर्षांत कोणी सांताक्रूझला उतरून हरवलं नाही, कारण रिक्षावाल्याला ठाऊक असतं. चुकीची नोंद दुरुस्त करणारा माणूस रस्त्यावर उभा असेल तर चुकीच्या पाटीनंही फारसं बिघडत नाही. तो माणूस काढून टाकला की मग काय होतं, हा आपला विषय.

आता थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, थोडंच आहे.

न्यायदर्शन ज्ञान मिळवण्याची चार साधनं मानतं. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांना प्रमाणं म्हणतात. प्रत्यक्ष म्हणजे आपल्या इंद्रियांना जे कळलं ते. शब्द म्हणजे विश्वासू माणसानं सांगितलं म्हणून जे कळलं ते. अशा विश्वासू माणसाला ‘आप्त’ म्हणतात. आज आपण आप्त म्हणजे नातेवाईक समजतो, पण न्यायाच्या परिभाषेत आप्त असण्याला दोन अटी आहेत. त्याला ती गोष्ट स्वतःला नीट माहीत हवी, आणि जशी माहीत आहे तशीच सांगायची त्याची इच्छा हवी. यातली एक अट मोडली तरी तो आप्त राहत नाही.

आता विचारू या. मोबाइलच्या पडद्यावर तुम्हाला खात्यातली शिल्लक दिसते, ते कुठलं प्रमाण? बहुतेक जण म्हणतील, प्रत्यक्ष. डोळ्यांनी दिसतंय की! पण डोळ्यांना दिसले ते आकडे. पैसे दिसलेले नाहीत. पैसे आहेत असं कोणीतरी सांगतंय, आणि ते सांगणं आकड्यांच्या रूपात तुमच्यापर्यंत पोचलं आहे. म्हणजे हे शब्दप्रमाण झालं. शब्दप्रमाण वाईट नसतं, आपलं निम्मं आयुष्य त्यावर चालतं. पण शब्द ऐकला की ‘सांगणारा कोण?’ असं आपण विचारतो. प्रत्यक्षाला तसं विचारत नाही. डेटा-व्यवस्थांची सगळी मोहिनी इथे आहे. त्या शब्द देतात आणि तो प्रत्यक्षासारखा दिसतो. मग सांगणारा कोण, हा प्रश्नच आपल्याला सुचत नाही.

‘डेटा’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘दिलेलं’ असा आहे. कुणी दिलं, कशासाठी दिलं, देताना काय मागे ठेवलं, हे त्या शब्दातून गळून गेलं आहे.

आमच्या पिढीच्या मुंबईकराला हे सगळं एका साध्या हिशेबातून माहीत होतं. दुधाचा हिशेब. दूधवाल्याकडे त्याची वही असायची, आणि घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची खूण असायची. एक लिटर, दीड लिटर, आज नाही. महिनाअखेरीला दोन्ही नोंदी समोरासमोर यायच्या. जुळल्या तर पैसे चुकते. नाही जुळल्या तर दारात वाद. ‘बारा तारखेला तुम्ही आलाच नव्हता.’ ‘आलो होतो, आजी घरी होत्या, त्यांना विचारा.’ आजींना विचारलं जायचं. दोघांपैकी कोणाचीच वही स्वतःच्या बळावर खरी ठरत नसे. दुसऱ्या वहीशी आणि तिसऱ्या साक्षीशी ती पडताळली जायची. न्यायवाले याला ‘परतः प्रामाण्य’ म्हणतात. ज्ञान खरं आहे हे त्याच्या बाहेरच्या कशानं तरी ठरतं. लांबून पाणी दिसलं म्हणजे ते पाणीच आहे असं नाही. जाऊन तहान भागली तर पाणी, नाहीतर मृगजळ.

आजच्या बोरिवलीच्या बाजारातला भाजीवालाही हे जाणतो. यूपीआय २०१६ मध्ये आलं. पुढे लोक फोनवर पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून भाजी घेऊन जायला लागले, तेव्हा भाजीवाल्यांनी पडद्यावर विश्वास ठेवणं सोडलं. त्यांच्या गाडीवर आता एक छोटा डबा असतो, तो रक्कम मोठ्यानं सांगतो. म्हणजे भाजीवाल्यानं गिऱ्हाइकाच्या हातातला पडदा नाकारला आणि स्वतःच्या खात्याकडून आलेला शब्द मानला. कोणाचा शब्द, हे त्यानं आधी विचारलं. या बाबतीत तो अनेक व्यवस्थापन-तज्ज्ञांच्या पुढे आहे.

हे आम्ही थट्टेनं म्हणत नाही. व्यवस्थापन-जगाच्या एका अतिशय लाडक्या गोष्टीकडे आता वळतो. गोष्ट आपलीच आहे, मुंबईच्या डबेवाल्यांची.

डबेवाल्यांची सुरुवात १८९० सालची मानतात, महादेव हावजी बच्चे यांच्यापासून. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातली ही मंडळी. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या घरांतून डबे उचलून ते दुपारी फोर्ट, नरिमन पॉइंटच्या ऑफिसांत पोचवायचे आणि संध्याकाळपर्यंत रिकामे डबे परत घरी आणायचे, हे त्यांचं काम. भर जोरात असताना सुमारे पाच हजार डबेवाले आणि दोन लाखांच्या आसपास डबे, असा त्यांचा पसारा सांगितला जायचा. कोविडनंतर तो बराच आटला.

जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगितलं जातं की डबेवाले ‘सिक्स सिग्मा’ आहेत, फोर्ब्स मासिकानं त्यांना तसं प्रमाणपत्र दिलं आहे. सिक्स सिग्मा म्हणजे ढोबळमानानं दहा लाखांत ३.४ चुका. हा आकडा आला कुठून? फोर्ब्सनं १९९८ मध्ये डबेवाल्यांवर लेख छापला होता, हे खरं. पण त्या लेखाचे मुख्य लेखक सुब्रत चक्रवर्ती यांनी नंतर स्पष्ट केलं की फोर्ब्सनं असं कुठलंही प्रमाणपत्र दिलेलं नाही आणि त्यांनी लेखात तो शब्दही वापरला नव्हता. त्यांनी संघटनेच्या प्रमुखांना विचारलं होतं, तुमच्याकडून चूक किती वेळा होते? उत्तर मिळालं, जवळजवळ नाहीच, झालीच तर दोन महिन्यांत एखादी. रोजचे सुमारे पावणेदोन लाख डबे धरून लेखकानं गुणाकार केला. साधारण ८० लाखांत एक चूक निघाली. परतीचे डबे धरले तर एक कोटी साठ लाखांत एक. पुढे एका परिषदेत कुणीतरी संघटनेच्या अध्यक्षांना सिक्स सिग्माबद्दल विचारलं. ते काय असतं हे समजावून सांगितल्यावर त्यांनी फोर्ब्सचा हवाला दिला, आणि प्रमाणपत्राची कथा जन्माला आली.

आता हे न्यायाच्या तराजूत घालून बघा. मूळ काय होतं? एका जाणत्या माणसाचं बोलणं, ‘दोन महिन्यांत एखादी’. हे शब्दप्रमाण आहे आणि चांगलं आहे. माणूस धंद्यातला आहे, त्याला अंदाज आहे. पण त्या ‘एखादी’चा गुणाकार झाला, त्याला शून्यं लागली, इंग्रजी नाव लागलं, आणि बोलण्याचं मोजमाप झालं. चुका कोणी वहीत नोंदवून मोजल्या नव्हत्या. जी गोष्ट डेटाचं श्रेष्ठ उदाहरण म्हणून शिकवली जाते, तिच्या मुळाशी डेटा नाही, एक उत्तर आहे. हे सांगताना डबेवाल्यांचं श्रेय कमी करायचा आमचा हेतू नाही. उलट या आकड्यानंच त्यांचं खरं श्रेय झाकलं आहे.

ते श्रेय बघायचं तर डब्याच्या झाकणाकडे बघा. त्यावर रंगानं काढलेली खूण असते. घरून डबा उचलणाऱ्याची खूण, निघण्याच्या स्टेशनची अक्षरं, ज्या भागात जायचा त्याचा आकडा, तिथे पोचवणाऱ्याची खूण, इमारतीची अक्षरं आणि मजला. बस्स. जेवणाऱ्याचं नाव नाही, फोन नंबर नाही, जन्मतारीख नाही, काल त्यानं काय खाल्लं हे नाही. कामाला लागतं तेवढंच लिहिलं आहे. आणि जे लिहिलं आहे ते डब्यावरच आहे, दूर कुठल्या सर्व्हरवर नाही. ज्या हातांतून डबा जातो त्या प्रत्येक हाताला ते वाचता येतं. चुकीच्या डब्यांत एखादा आला तर पुढचा माणूस तिथल्या तिथे बाजूला काढतो.

शिवाय माणसं ओळखीची आहेत. डबेवाले गटानं काम करतात, गटाला मुकादम असतो, कमाई गटात वाटली जाते. डबा चुकला तर घरातली बाई कुणाला विचारायचं हे जाणते, कारण सकाळी दारात आलेला माणूस तिला माहीत आहे आणि उद्या सकाळी तो पुन्हा येणार आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलनं २०१० मध्ये डबेवाल्यांवर केस स्टडी काढली. तिचे लेखक स्टीफन थॉमके यांनी पुढे संघटना, व्यवस्थापन, प्रक्रिया आणि संस्कृती या चार खांबांवर ही व्यवस्था उभी असल्याचं मांडलं. चारही खांब आम्हाला मान्य आहेत. पण आमच्या दृष्टीनं या घराचा दरवाजा महत्त्वाचा आहे. चुकीची बातमी आत येण्याचा दरवाजा.

तो दरवाजा बंद झाला तर काय होतं, हे एका सिनेमानं फार मजेत दाखवलं आहे. रितेश बत्रा यांचा २०१३ चा ‘द लंचबॉक्स’. बहुतेक समीक्षकांनी त्याच्याकडे दोन एकट्या जिवांची गोष्ट म्हणून बघितलं, आणि ती आहेच. आम्ही त्यातल्या एका छोट्या प्रसंगाबद्दल बोलतो. इला ही गृहिणी, भूमिका निम्रत कौर यांची. ती नवऱ्यासाठी पाठवते तो डबा रोज साजन फर्नांडिस नावाच्या भलत्याच माणसाला मिळतोय. ते काम इरफान खान यांनी केलं आहे. नवऱ्याच्या बोलण्यावरून तिच्या हे लक्षात येतं. ती डबेवाल्याला सांगते की डबा चुकीच्या ठिकाणी जातोय. तो ते मानायला तयार नाही. हार्वर्डचे लोक येऊन बघून गेले, इंग्लंडचा राजा बघून गेला, आमच्याकडून चूक होतच नाही, असा त्याचा सूर असतो. प्रेक्षक हसतात. पण इथे काय घडलं ते नीट पाहा. भाजी जिनं स्वतः केली, तिचं म्हणणं हार्वर्डच्या अहवालानं खोडून काढलं. व्यवस्थेच्या कीर्तीनं एका माणसाची साक्ष बाद केली. खरा डबेवाला असं म्हणेलच असं नाही. बाई ओरडली तर तो मुकाट्यानं डबा बदलेल. पण दिग्दर्शकानं दुखरी जागा बरोबर ओळखली आहे. चूक न होण्याची ख्याती जितकी मोठी, तितकं ‘चूक झाली’ हे ऐकणं अवघड.

सिनेमात यातून प्रेमपत्रं निघाली. प्रत्यक्षात काय निघतं, त्याची दोन उदाहरणं देतो. एक इथलं, एक लांबचं.

इथलं उदाहरण तुमच्यापैकी काहींच्या घरापर्यंत पोचलेलं असेल. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, लोकांच्या तोंडी पीएमसी बँक. मुख्य कार्यालय भांडुपला, इथून हाकेच्या अंतरावर. १९८४ मध्ये सुरू झालेली, १३७ शाखांपर्यंत वाढलेली, साडेअकरा हजार कोटी रुपयांहून जास्त ठेवी असलेली बँक. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिच्यावर निर्बंध घातले, आणि ठेवीदाराला सुरुवातीला सहा महिन्यांसाठी मिळून फक्त १,००० रुपये काढायची मुभा राहिली. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्यानं वाढली. पण मुलीचं लग्न, रुग्णालयाचं बिल, महिन्याची औषधं हे टप्प्याटप्प्यानं येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि मोठ्या ठेवीदारांचे पैसे १० वर्षांपर्यंत लांबवले गेले.

काय झालं होतं? पोलिसांच्या फिर्यादीनुसार एका बांधकाम उद्योगसमूहाची थकलेली ४४ कर्जखाती लपवण्यासाठी बँकेच्या संगणकात २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवली गेली. आणि ती थकलेली खाती मोजक्या कर्मचाऱ्यांनाच बघता येतील अशी सोय केली होती. खटल्याचा निकाल न्यायालय देईल, तो आपला विषय नाही. आपला विषय असा की त्या काळात बँकेचा संगणक बिघडला नव्हता. पासबुकं छापली जात होती, शिल्लक दिसत होती, वार्षिक अहवाल निघत होते, तपासणी होत होती. ठेवीदारानं पन्नास रुपयांची चूक केली असती तर खिडकीवरून ऐकू आलं असतं, ‘सिस्टीम घेत नाही’. एकवीस हजार खाती मात्र तिनं घेतली.

खरी स्थिती उघड झाली ती कुठल्या सॉफ्टवेअरनं नाही. बँकेच्या तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या पत्रानं ती समोर आली. शेवटी माणूसच बोलला. म्हणून आम्ही म्हणतो की पडद्यावरची ती कर्जखाती म्हणजे शब्द होता. ज्याच्याकडून तो आला त्याला सत्य माहीत होतं, पण जसं आहे तसं सांगायची इच्छा नव्हती. आप्ताची दुसरी अट मोडली होती. आणि ठेवीदाराच्या हाती दुसरी वही नव्हती. त्याच्या हातातलं पासबुक ही त्याच वहीची नक्कल होती. नक्कल म्हणजे पडताळा नव्हे.

लांबचं उदाहरण ब्रिटनचं. तिथल्या पोस्ट खात्यानं १९९९ पासून शाखांमध्ये ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणक-व्यवस्था बसवली. फुजित्सू कंपनीनं बनवलेली. व्यवस्थेत दोष होते, आणि पडद्यावर पैशांची तूट दिसायला लागली जी खरी नव्हती. लहान गावांतली पोस्ट चालवणारी माणसं, त्यांत भारतीय वंशाचेही बरेच, सांगत राहिली की आम्ही पैसे घेतलेले नाहीत, यंत्र चुकतंय. अनेकांनी पुढे साक्ष दिली की मदतीसाठी फोन केल्यावर ‘अशी तक्रार फक्त तुमचीच आहे’ असं त्यांना सांगितलं जायचं. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांखाली दोषी ठरवलं गेलं. कुणी तुरुंगात गेलं, कुणी घर विकलं, काहींनी जीव दिला. ५५५ जणांनी मिळून लढलेल्या दाव्यात २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं व्यवस्थेतले दोष मान्य केले, आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

हे इतकी वर्षं टिकलं कसं? एक कारण असं की तिथल्या न्यायालयात, उलट पुरावा येईपर्यंत, संगणक बरोबर चालत होता असं गृहीत धरलं जायचं. आणि उलटा पुरावा सगळा खात्याकडे आणि कंपनीकडे होता, पोस्ट चालवणाऱ्याकडे नव्हता. मीमांसक ‘स्वतः प्रामाण्य’ मानतात, म्हणजे ज्ञान मुळात खरंच धरायचं. पण तेही म्हणतात की बाधक ज्ञान आलं तर ते सोडून द्यायचं. दोरी दिसली की साप सोडायचा. इथे शेकडो लोक दोरी दाखवत होते आणि खातं सापच धरून बसलं होतं. कट्टर मीमांसकालाही हे पटलं नसतं.

एवढं ऐकून कोणी म्हणेल, सर, तुम्हाला जुनी खातेवही परत हवी आहे. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. जुन्या वहीचे दिवस आम्ही पाहिले आहेत. तिच्यात ओळखीच्या माणसाचं काम आधी व्हायचं. कुणाची जात, कुणाचा बंगला, कुणाची चिठ्ठी, हे सगळं त्या वहीला दिसायचं. १९९२ चा शेअर घोटाळा बँकांच्या कागदी पावत्यांवर झाला, संगणकावर नाही. शेअर बाजारात आरडाओरड करून सौदे व्हायचे तेव्हा घाटकोपरच्या छोट्या गुंतवणूकदाराला दलाल सांगेल तो भाव मुकाट मानावा लागायचा. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात पडद्यावर सौदे सुरू झाले आणि कुठल्या क्षणी कुठल्या भावानं सौदा झाला याची नोंद त्याला तपासता यायला लागली. १९९६ मध्ये एनएसडीएल आली आणि बनावट शेअर प्रमाणपत्रांची भीतीही कमी झाली.

म्हणजे तंत्रज्ञान इथेही आणि तिथेही. फरक कशात? शेअर बाजाराच्या पडद्यानं छोट्या माणसाच्या हातात दुसरी वही दिली. पीएमसीत ती त्याच्याकडे कधीच नव्हती. होरायझननं होती ती काढून घेतली. यंत्र विरुद्ध माणूस असा हा वादच नाही. पडताळणी कोणाच्या हातात आहे, एवढाच प्रश्न आहे, आणि तो व्यवसाय उभारणाऱ्यांनी रचना करतानाच सोडवायचा असतो.

आज हा प्रश्न सगळ्यात टोकदार कुठे आहे? आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये. पाठीवर पिशवी घेऊन दहा मिनिटांत वाणसामान आणून देणारा मुलगा. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानं २०२०–२१ मध्ये देशात अशा ७७ लाख गिग कामगारांचा अंदाज दिला होता. हा मुलगा कुठे आहे, किती वेगानं निघाला, कुठे थांबला, किती तारे मिळाले, हे सगळं कंपनीला दिसतं. त्याला स्वतःला काय दिसतं? आज काम मिळतंय की नाही, एवढंच. गिऱ्हाइकानं पत्ता चुकीचा दिला, लिफ्ट बंद होती, वॉचमननं गेटवर पंधरा मिनिटं उभं केलं, यांपैकी कशालाही त्या नोंदीत रकाना नसतो. मग एक दिवस आयडी बंद होतो. का? उत्तर द्यायला माणूस नाही. पुन्हा तेच, सिस्टीम घेत नाही. फरक एवढाच की इथे अर्ज नाकारला गेला नाही, माणूस नाकारला गेला.

डबेवाला आणि हा मुलगा एकाच शहरात एकाच तऱ्हेचं काम करतात. डबेवाल्याच्या डब्यावर गिऱ्हाइकाबद्दल जवळजवळ काहीच लिहिलेलं नसतं आणि डबेवाल्याला सगळं माहीत असतं. या मुलाबद्दल सगळं लिहिलेलं असतं आणि त्याला काहीच माहीत नसतं. व्यवस्थापनाच्या वर्गांत डबेवाल्यांचा आकडा शिकवला गेला. त्यांची ही रचना शिकवली गेली असती तर बरं झालं असतं.

कायदा हळूहळू या दिशेनं येतोय. देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ठरलेल्या कामाला लागेल तेवढीच माहिती घेण्याचं तत्त्व आहे, आणि चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्कही आहे. डब्याच्या झाकणावर ते तत्त्व शंभर वर्षं आधीच पाळलं जात होतं, हा भाग वेगळा. गिग कामगारांसाठी राजस्थाननं २०२३ मध्ये पहिला कायदा केला. कर्नाटकनं २०२५ च्या कायद्यात काम बंद करण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना देण्याची अट घातली. कारण लेखी मिळणं ही छोटी गोष्ट वाटते. पण ज्याला कारण मिळालं त्याला ते खोडता येतं. दुसरी वही उघडते ती इथून.

समारोप करतो. ऐकणाऱ्यांत कोणी कंपनी चालवत असेल, कोणी सोसायटीचं कमिटीवर असेल, कोणाचं दुकान असेल. सगळीकडे आता ॲप आहे, सॉफ्टवेअर आहे. नवं काही घेताना विकणारा तुम्हाला अचूकतेचा आकडा सांगेल. तो ऐकून घ्या आणि मग तीन प्रश्न विचारा. पहिला, ही नोंद मूळ कोणी केली आणि त्याला ती गोष्ट स्वतःला माहीत होती का? दुसरा, ज्याच्याबद्दल नोंद आहे त्याला ती बघता येते का? तिसरा, तो ‘हे चूक आहे’ म्हणाला तर ते कोणत्या माणसाच्या टेबलावर जातं, आणि त्या माणसाला नोंद बदलण्याचा अधिकार आहे का? तिसऱ्या प्रश्नाला विकणारा गप्प बसला तर सही करू नका.

आणि तुमच्यापैकी जे स्वतः खिडकीच्या आत बसतात, त्यांना एक विनंती. ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणायची वेळ येईल तेव्हा पुढे आणखी एक वाक्य जोडा. ‘मी लिहून घेतो, आणि तुम्हाला परत सांगतो.’ त्या वाक्याला कर्ता आहे. त्यात तुमचं नाव लागतं आणि कदाचित त्रासही होतो. पण समोरच्या माणसाला त्यातून एक वही मिळते, आणि व्यवस्थेलाही आपण चुकलो हे कळायची संधी मिळते.

आता प्रश्न घेऊ. आणि आमच्या म्हणण्यात कुठे बाधक ज्ञान सापडलं असेल, तर तेच आधी विचारा.